चौथी तार

आखाडा, पिंगळी शिवार
२ ऑक्टोबर २०२४

चि. राजेश्री,

काकाचा आशीर्वाद. पत्र बघून हसू नको. फोनवर तू बोलतीस त्यातलं मला निम्मंच ऐकू येतं, आन् उरलेलं निम्मं तुझी काकू फोन हिसकावून घेऊन स्वतःच ऐकती. शिवाय मला जे विचारायचंय ते आकृती काढून समजून घ्यायचंय. नागपूरच्या पोरांना लायटीचं शिकवतीस, आता सख्ख्या काकाला बी शिकव.

सोयाबीन निघालं, आमी दोघं दरवर्षीसारखं रब्बीपुरतं रानातल्या घरी, आखाड्यावर राहायला आलो. तुझ्या काकूची कुरकुर पहिल्या दिवसापासून सुरू हाय. "मिक्सर न्हाई, टीव्ही न्हाई, मी काय वनवासाला आले का?" गुडघे धरतात म्हणून तिला सकाळी गरम पाणी लागतं, आन् चुलीच्या धुरानं डोळे जातात. तिचं खोटं न्हाई.

आखाड्यावर मोटारीची लाईन हाय. डीपीच्या ट्रान्सफॉर्मरवरून तीन तारा येतात, तिन्ही फेज. मोटार झकास चालती. पर बल्बाला न्यूट्रल लागतं, ते कुठंच न्हाई. वायरमन म्हणला, मोटारीला लागतच न्हाई म्हणून रानात कुणी ओढलेलं न्हाई. मी दोन फेजांत बल्ब लावून बघितला. फाट्‌दिशी उडाला. काकू म्हणली, झाली आपली दिवाळी.

मंग मी डीपीखाली जाऊन मान दुखेस्तोवर वर बघितलं. वरून येणाऱ्या तारा तीनच, खाली जाणाऱ्या बी तीनच. मंग गावातल्या घराघरात जे न्यूट्रल हाय ते काय आभाळातून पडलं? ही चौथी तार निघती कुठून, तेवढं सांग.

पुढल्या महिन्यात मल्हारी आन् कासाबाई मेंढरं घेऊन येतील. उसाला ठेवलेल्या रानात बसवायचीत. जिंतूरकडून दरसाल येतात, रानाला खत मिळतं, त्यांना जवारी मिळती. कासाबाई मला दादा म्हणती. ती यायच्या आत आखाड्यावर उजेड झाला पाहिजे, न्हाईतर म्हणंल, दादाचा नुसता रुबाबच हाय.

तुझा काका
दिनकर


नागपूर
१० ऑक्टोबर २०२४

ती. काका,

साष्टांग नमस्कार. तुमचं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं. "आभाळातून पडलं?" या वाक्यावर पोरं इतकी हसली की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. हसली खरी, पण उत्तर एकालाही धड देता येईना. म्हणजे प्रश्न तुमचा भारीच आहे.

ऐका. वरून अकरा हजार व्होल्टच्या तीन तारा येतात, त्यांच्याबरोबर न्यूट्रल येतच नाही. ते जन्मतं डीपीच्या टाकीत. आत खालच्या दाबाच्या तीन गुंडाळ्या असतात. तिन्हींचं एकेक टोक फेज म्हणून बाहेर निघतं, आणि उरलेली तिन्ही टोकं आतच एकत्र बांधलेली असतात. ती गाठ म्हणजे न्यूट्रल. फेज ते फेज चारशे व्होल्ट, म्हणून तुमचा बल्ब गेला. फेज ते गाठ दोनशे तीस, त्यावर बल्ब नीट जळतो. टाकीला नीट बघा, खालच्या अंगाला तीन नाही, चार बोल्ट असतील. चौथा त्या गाठीचा. त्याच्यावरून एक पट्टी खाली जमिनीत गेलेली असते, कारण ती गाठ मुद्दाम जमिनीला जोडून ठेवतात. थोडक्यात काय, न्यूट्रल म्हणजे दुसरंतिसरं काही नसून जमीनच!

त्या चौथ्या बोल्टावरून आखाड्यापर्यंत तार ओढून घ्या, लाईनमनला सांगून. आकृती मागच्या पानावर आहे.

दिवाळीत येणार होते, पण पेपर तपासायचे आहेत. काकूला सांगा, रागावू नको.

तुमची
राजेश्री


आखाडा, पिंगळी शिवार
२५ ऑक्टोबर २०२४

चि. राजेश्री,

लाईट लागली! तुझी काकू काल बल्बाखाली बसून जवारी निवडत होती. उजेडात तिला खडेच जास्ती दिसायलेत म्हणती, म्हणजे इतके दिवस मी काय काय खाल्लं देव जाणे. लेकाकडून टीव्ही मागवलाय. पाण्याचा हीटर बी आणला, बादलीत सोडायचा.

तुझं पत्र मी चार येळा वाचलं. बोल्ट खरंच चार निघाले. पर डीपी राहिली नाल्यापल्याड, मधी दोघातिघांची रानं. एवढी तार ओढायची, खांब रोवायचे, लाईनमनच्या मागं फिरायचं. मंग तुझी गाठीबद्दलची शेवटची ओळ वाचली आन् टाळकं उघडलं. तार ओढायची गरजच पडली न्हाई बघ! घरच्या घरी काम झालं. कसं ते कुणाला सांगितलं न्हाई. आपली अक्कल आपल्यापाशी. शेजारच्या आखाड्यावरचा व्यंकटराव लय मागं लागलाय, "दिनकरराव, न्यूट्रल आणलं कुठून?" मी म्हणलो, पुतणी इंजिनेर असावी लागती.

तुझ्या बापाची आठवण आली. असता तर बल्बाखालून हलला नसता.

तुझा काका
दिनकर


नागपूर
४ नोव्हेंबर २०२४

ती. काका,

शाब्बास! पेपरांचा ढीग पुढ्यात आहे म्हणून दोनच ओळी. वर्गात सांगितलं की माझ्या काकांनी पत्र वाचून स्वतः न्यूट्रल मिळवलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. काकूला आता वनवास संपला म्हणावं.

राजेश्री


आखाडा, पिंगळी शिवार
२४ नोव्हेंबर २०२४

चि. राजेश्री,

आशीर्वाद. पत्राला उशीर झाला.

मल्हारीची पाच मेंढरं मेली. आठवडा झाला. बाजूच्या रानात आपली जवारी कापलेली हाय, तिचे खुंट फुटलेत. ते कवळे फुटवे मेंढरानं खाल्ले की किराळ लागती, जनावर फुगून जागीच मरतं. तुला मालूमच असंल. मल्हारी दूध घालायला गावात गेला होता, राखणीला कासाबाई होती. दिवस उगवायच्या टायमाला बाईची डुलकी लागली. तेवढ्यात मेंढरं जवारीत घुसली.

मी काही मनात ठेवलं न्हाई. नुकसान मागितलं न्हाई, उलट त्याला पोतंभर जवारी दिली. ते कळप घेऊन जिंतूरकडं निघून गेले.

लाईट तूर्त बंद ठेवली हाय. काकूला फोनवर ह्याबद्दल काही विचारू नको, तिला त्रास होतो.

दिनकर


नागपूर
१ डिसेंबर २०२४

ती. काका,

मी काकूला काही विचारलं नाही. काकूनंच फोन केला. रडत होती. म्हणाली, "तुझे काका नीट जेवेनात. हीटर विहिरीत फेकला. न्हाणीपाठीमागं रोवलेली लोखंडी सळई पहारीनं उपटली आन् ती बी विहिरीत टाकली. विचारलं तर अंगावर येतात." मग जाता जाता म्हणाली, "आन् राजू, खडेमिठाचा डबा रोज कमी व्हायचा, मला वाटायचं कोण न्यायलंय. तर हेच त्या सळईला मीठपाणी घालायलेते."

काका, मी फोन ठेवला आणि तुमचं ऑक्टोबरचं पत्र पुन्हा काढून वाचलं.

आता मला कळलं "तार ओढायची गरजच पडली नाही" म्हणजे काय. तुम्ही मोटारीच्या लाईनीतून एक फेज घेतला आणि न्यूट्रल म्हणून जमिनीत सळई ठोकली. बल्ब मंद झाला की मीठपाणी घालून जमीन ओली केली. मी लिहिलं होतं ना, न्यूट्रल म्हणजे जमीनच. लिहायला किती सोपं वाटलं. खरं असं आहे की हीटरमधून गेलेल्या विजेला त्या डीपीतल्या गाठीकडेच परत जायचं असतं. तार दिली तर ती तारेतून जाते. सळई दिली तर मातीतून वाट काढते, आणि ती जात असताना सळईभोवतीची जमीन जिवंत होते. नुसत्या बल्बाला कमी. हीटर लावला की खूप. मेंढराचे पुढचे पाय आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात, आणि काळीज मधे.

मेंढरांना मीठ किती आवडतं हे मला तुम्हीच लहानपणी दाखवलं होतं. माझ्या तळहातावर ठेवून चाटायला लावलं होतं.

एवढंच सांगा. ती पाच मेंढरं जवारीत मेली, की न्हाणीपाठीमागं?

राजेश्री


आखाडा, पिंगळी शिवार
१५ डिसेंबर २०२४

चि. राजेश्री,

तुझं पत्र आल्यावर पहिल्यांदा मी लय चिडलो. लिहिलं की तूच सांगितलंस जमीन म्हणजे न्यूट्रल, आता मलाच जबाब विचारतीस? ते पत्र फाडलं. दुसरं लिहिलं, त्यात सगळं नाकबूल केलं. ते बी फाडलं. हे तिसरं.

न्हाणीपाठीमागं मेली.

आता सगळं ऐक, कारण तोंडानं मला कुणाला सांगणं होणार न्हाई. मला आधीपासून कुणकुण होती. मीठपाणी घालताना एकदोनदा पायाला मुंग्या आल्या होत्या. म्हणलं, भोवती चार बाभळीच्या काट्या टाकू, उद्या टाकू. तो उद्या काही उजाडला न्हाई.

त्या दिवशी नुकतं फटफटलं होतं. काकूनं बादलीत हीटर सोडला आन् बटन दाबलं. मी लिंबाची काडी चावत न्हाणीमागं आलो. मेंढरं सळईभोवती घोळका करून माती चाटायलेती. माझ्या डोळ्यादेखत एक पडलं, मंग दुसरं, बघता बघता पाच. बाकीची बुजून पळाली. मला त्याच क्षणाला कळलं, राजेश्री. किराळ म्हणून मी फसलो असं समजू नको. मी पळत जाऊन मेन स्विच पाडला, तार ओढून काढली, गुंडाळून गवतात टाकली. मंगच आरोळी दिली. आधी तार, मंग आरोळी.

कासाबाई रानाच्या पार त्या टोकाला होती, जवारीच्या बांधावर, जवारीकडं तोंड करून. का, तर माझ्या जवारीत तिचं मेंढरू जाऊ नये म्हणून. माझं रान राखायलीती म्हणून तिला माझी सळई दिसली न्हाई. ती पळत आली. आजूबाजूच्या आखाड्यावरची माणसं आली. व्यंकटरावनं फुगलेली पोटं बघितली आन् म्हणला, "किराळ लागली जणू. जवारीत शिरली असतील, तिथून इथवर येऊन पडली."

मी म्हणलो, हां.

तेवढं एकच अक्षर. पर त्याच्यानंतर थांबता येईना. कासाबाई म्हणली, "दादा, एक बी मेंढरू जवारीत गेलं न्हाई. मी बांधावरच हाय की उजाडायच्या आधीपासून." मी चारचौघांत म्हणलो, "डुलकी लागली असंल बाई. माणसाला कळत न्हाई." ती माझ्या तोंडाकडं बघतच राहिली. दादा म्हणती ना मला. तिला वाटलं, दादा म्हणतोय म्हंजे लागली बी असंल.

मल्हारी आला. बायकोला लय बोलला, सगळ्यांदेखत. मंग माझ्या पायावर डोकं ठेवलं, "मालक, तुमच्या रानाची राखण झाली न्हाई." मी पाय मागं घेतले न्हाईत. वरून पोतंभर जवारी दिली आन् लोक म्हणले, दिनकररावसारखा दिलदार माणूस न्हाई. ते शब्द मला अजून ऐकू येतात. एरवी निम्मं ऐकू येतं, हे मात्र सगळं.

आता खबर अशी हाय की मल्हारीला इकडं कुणी रानात मेंढरं बसवू देईना. म्हणतात, त्याची बायको राखणीला झोपती. आन् मल्हारी तिच्या हातचं जेवत न्हाई.

मला समजतंय काय करायला पाहिजे. पर ह्या गावात माणसं मला विचारून बांध घालतात, सोयरिकी जमवतात. ती इज्जत घालवून मी कुठं तोंड दाखवू? काकूला बी सांगितलं न्हाई, बटन तिच्या हातानं दाबलेलं हाय. हे पत्र वाचून जाळून टाक.

दिनकर


नागपूर
२३ डिसेंबर २०२४

ती. काका,

पत्र जाळलं नाही. फडताळात ठेवलं आहे. दुसऱ्या कुणाला दाखवणार नाही, पण जाळणारही नाही.

तुमच्यावर ओरडायला मला तोंड नाही. "तार ओढायची गरजच पडली नाही" हे वाक्य तुम्ही मला लिहिलं होतं. माझ्यासारखीनं ते वाचून ताडकन उठायला हवं होतं. मी शाब्बास लिहिलं. पेपर तपासायचे होते म्हणे! लाज वाटते मला, काका, त्या शब्दाची.

परवा मी वर्गात उभी राहून सगळं परत घेतलं. म्हणाले, मागे मी टाळ्या वाजवून घेतल्या ते चूक होतं, माझ्या एका ओळीनं पाच मेंढरं मेली आणि दोष राखणाऱ्या बाईवर गेला. तुमचं नाव घेतलं नाही, पण काका मला एकच आहे हे पोरांना माहीत आहे. माफ करा. कान तापले होते. पण सांगून झाल्यावर मी मेले नाही. भक्ती म्हणून एक मुलगी आहे, कधी तोंड उघडत नाही. तिनं विचारलं, "मॅडम, त्या मेंढरं राखणाऱ्या बाईला कुणी सांगितलं का?"

 उत्तर तुमच्यापाशी आहे.

तुमच्यासोबत यायचं मनात आलं होतं. पण मी आले तर तुम्ही माझ्या पाठीमागे उभे राहाल आणि मीच बोलत बसेन. म्हणून येत नाही. आधी काकूला सांगा. मग जिंतूरची एसटी धरा.

तुमची
राजेश्री


पिंगळी
१९ जानेवारी २०२५

चि. राजेश्री,

काकूला सांगितलं. ती म्हणली, "बटन मी दाबलं त्याचं मला तुमी सांगायचं न्हाई? मी कासाबाईकडं बघून म्हणलेते, बाई गं, झोपलीस कशी!" दोन दिवस ताट नुसतं पुढ्यात सरकवायची. तिसऱ्या दिवशी भाकरी बांधून दिली, म्हणली, निघा.

जिंतूरला उतरून विचारत विचारत गेलो. मल्हारीचा कळप माळावर होता, पाल टाकलेलं. मला बघून तो उठला, घोंगडं अंथरलं, पाणी दिलं. त्याला वाटलं मी पुढल्या सालाचं बोलावणं घेऊन आलो. मी घोंगड्यावर बसलो न्हाई. उभ्या उभ्या सांगितलं. सळई, मीठ, हीटर, आधी तार ओढली आन् मंग आरोळी दिली, ते सगळं. 

मल्हारीनं काठी टाकली आन् खाली बसला.  मला वाटलेलं, शिव्या देईल, अंगावर येईल. आला असता तर बरं झालं असतं.

कासाबाई चुलीपाशी होती. लय वाळलीय. ती उठून समोर आली. मेंढरांचं तिनं काढलंच न्हाई, राजेश्री. म्हणली, "दादा, मंग मी झोपले न्हवते?"

मी म्हणलो, "न्हाई बाई. तू जागी होतीस."

"खरंच न्हवते?"

"न्हवतीस."

मंग ती मटकन बसली. म्हणली, "तवापासून मला माझ्याच डोळ्यांचा भरवसा न्हाई. उघडे असले तरी वाटतं, झोपेत तर न्हाई ना मी. राखणीला बसले की चिमटे काढून घेते." हात दाखवला. कोपरापातुर काळानिळा. मल्हारीनं तो हात तवा पहिल्यांदा बघितला. त्यानं तोंड फिरवलं आन् घोंगड्यानं डोळे पुसले. मी त्याला म्हणलो, मला माफ कर. तो म्हणला, "मालक, मला काय म्हणता, मी तर तिचा नवरा हाय." एवढंच बोलला दिवसभरात.

मी निघालो तर कासाबाई म्हणली, "गावात सांगा. जिथं बोललात तिथल्या माणसांपुढं. आन् मी ऐकायला येणार." मी म्हणलो, ये.

परवा मारुतीच्या पारावर सगळे जमले. मीच निरोप दिला होता. कासाबाई आन् मल्हारी सकाळच्या गाडीनं आले होते. ती बायकांत न्हाई बसली, पुढंच बसली, माझ्या तोंडासमोर. तुझी काकू उठून तिच्या शेजारी जाऊन बसली. मी उभा राहिलो.  सगळं सांगितलं. तुझी ती गाठ, चौथा बोल्ट, ते बी सांगितलं, म्हणजे उद्या दुसरा कुणी माझ्यासारखा शहाणपणा करायला नको. शेवटी म्हणलो, कासाबाई झोपली न्हवती. लबाड मी बोललो.

 लोक मान खाली घालून बसले. मंग व्यंकटराव उठला. त्याला माझी कीव आली असावी, चांगलाच माणूस हाय. म्हणला, "जाऊ द्या हो दिनकरराव. दिवस उगवायची येळ, तुमी बी अर्ध्या झोपेत असाल. माणसाला कळत न्हाई. घाबरून काहीतरी बोलून गेलात."

चारसहा जणांनी माना हलवल्या. हां, असंच झालं असंल. नुसती मान हलवली असती तर मी सुटलो असतो, राजेश्री. खरं सांगतो, क्षणभर हलवावी वाटली. कासाबाई माझ्याकडं बघायलीती, तशीच, जशी त्या दिवशी बघायलीती.

मी म्हणलो, "न्हाई व्यंकटराव. मी जागा होतो."

तुझा काका
दिनकर